कॅमेऱ्यांच्या आधी रस्त्याला जाग हवी

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचे पुण्याच्या मध्यवस्तीत कापडाचे दुकान आहे. रस्त्यावर चाळीसेक दुकाने, त्यांची एक व्यापारी संघटना. साडेनऊला शटर पडतात आणि दहाला रस्ता सुनसान होतो. गेल्या महिन्यात एका दुकानातली मुलगी काम आटोपून बसस्टॉपकडे निघाली होती. मोटारसायकलवरच्या दोघांनी तिची पर्स हिसकावली, ती पडली, हाताला प्लास्टर आले. आता संघटनेने दुकानामागे पाच हजार वर्गणी काढून सोळा कॅमेरे बसवायचे ठरवले आहे. त्यांनी विचारले आहे: एवढे पुरेल का, की व्यापारी म्हणून आम्ही आणखी काही करू शकतो?

दोन लाख जमले असतील तर ते अजून महिनाभर बँकेत राहू द्या. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण पर्स कोणी नेली हे कॅमेरा नंतर सांगतो, आणि तेही तिथे उजेड असेल तर. त्या मुलीला त्या घटकेला रस्त्यावर कोणीतरी हवे होते, आणि त्या कोणाला तरी ती दिसायला हवी होती. घराबद्दल आपण म्हणतो, अजून जाग आहे. रस्त्यालाही तशी जाग असते किंवा नसते. पोलिसांची गाडी येते आणि जाते, तिने रस्ता जागा राहत नाही. उघडे मेडिकल, चहाची किटली, वर खिडकीत भांडी घासणारी बाई, यांनी राहतो. यातला मोठा वाटा व्यापाऱ्यांच्या हातात आहे. नवीन खांब मंजूर व्हायला वर्ष जाईल, पण शटर किती वाजता पाडायचे हे तुम्ही आज रात्री ठरवू शकता.

मी पेशाने आर्किटेक्ट. गेली सोळा वर्षे पुण्यात आणि आसपासच्या शहरांत बाजारपेठांच्या रात्रीच्या पाहण्या करते. बहुतेक संघटना तुमच्यासारख्याच, काहीतरी घडल्यावर येतात आणि पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच असतो. मी पहिल्यांदा त्यांना चालायला लावते.

सणावाराचा दिवस नको, साधा मंगळवार घ्या. पावणेदहाला निघा, रस्ता टोकापासून टोकापर्यंत चाला, आणि पावणेअकराला पुन्हा चाला. तुमचे पदाधिकारी सगळे पुरुष असतील (असतातच), म्हणून त्या रस्त्याने रोज सुटणाऱ्या निदान तीन जणींना बरोबर घ्या, आणि त्या वेळेचा पगार द्या. हातात खडू. जिथे पाऊल आपोआप भराभर पडायला लागते, जिथे पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, तिथे जमिनीवर फुली मारायची. का ते आधी विचारायचे नाही. एका पाहणीत भांड्यांच्या दुकानातल्या एका ताईंनी विजेच्या डीपीच्या पेटीशेजारी फुली मारली. संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, "इथे तर काहीच नाही." ताई म्हणाल्या, "तेच तर." पेटी आणि बाजूच्या दुकानाचा आत गेलेला ओटा यांच्यामध्ये माणूसभर जागा होती आणि तिथे उजेड पोचत नव्हता. तिथे कधी कोणी उभा सापडला नव्हता. पण त्या तिघी रोज तिथून रस्ता ओलांडून पलीकडे जात होत्या, आणि पलीकडे फुटपाथ नव्हता.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या ॲपमध्ये अशीच पाहणी नऊ मुद्द्यांवर करतात: उजेड, मोकळेपणा, आजूबाजूच्या खिडक्या-दारांतून रस्ता दिसतो का, माणसे किती, त्यात बायका किती, चालायला जागा, बस-रिक्षा किती लांब, पोलीस किंवा वॉचमन, आणि शेवटी तिथे उभे राहून मनाला काय वाटते. ॲप वापरा किंवा वहीत लिहा. त्यातला बायकांचा मुद्दा मात्र वेगळा मोजा. दहा मिनिटे एका जागी उभे राहून किती पुरुष आणि किती बायका गेल्या याच्या रेघा ओढा. ज्या कोपऱ्यावर वीस माणसे आहेत आणि वीसही पुरुष आहेत, तो कोपरा गजबजलेला असूनही बाईसाठी सुनाच असतो. वाइन शॉपसमोरची गर्दी धरून "आमच्या रस्त्यावर रात्री अकरापर्यंत वर्दळ असते" असे सांगणारे अध्यक्ष मी पाहिलेत.

आता उजेड. याबद्दल जरा लांबण लावते, कारण पैसे इथेच वाया जातात, आणि माझ्या हातूनही गेलेले आहेत.

रस्त्यावरचा पालिकेचा दिवा गाड्यांसाठी असतो. खांब आठ-नऊ मीटर उंच, दोन खांबांत पंचवीस-तीस मीटर अंतर, आणि दिव्याचे तोंड डांबराकडे. पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांच्या उजेडात शर्ट हिरवा की तपकिरी ते सांगता येत नसे, पण तो उजेड इकडेतिकडे सांडायचा आणि त्यातला थोडा फुटपाथवरही पडायचा. एलईडी आले, रंग ओळखू यायला लागले, वीज वाचली. मात्र एलईडीचा झोत नेमका असतो, त्यामुळे रस्ता लख्ख आणि दुकानांच्या कडेची पट्टी काळोखी, असे बऱ्याच ठिकाणी झाले. त्यात झाडे. वर्षावृक्षाखालचा खांब पाहा, दिवा पानांच्या वर जळतो आणि खाली काळोख. लगेच फांद्या तोडायला निघू नका. १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, आणि तशी गरजही नसते. दिवा पानांच्या खाली आणायचा, म्हणजे दुकानाच्या भिंतीवर.

भिंतीवरचा हा दिवा तुमचे काम. शटरच्या वर, तीन-साडेतीन मीटर उंचीवर, पंधरा वॅटचा एलईडी, तोंड खाली, वर झाकण, उजेड किंचित पिवळसर. डे-नाइट सेन्सर लावला की संध्याकाळी आपोआप लागतो, सकाळी विझतो, नोकराला लक्षात ठेवावे लागत नाही. बारा तास जळला तर महिन्याला साधारण साडेपाच युनिट. तुमच्या व्यापारी मीटरचा दर सगळे आकार धरून युनिटला बारा-तेरा रुपये पकडला तरी बिल सत्तर रुपयांच्या आसपास. चाळीस दुकानांचे मिळून महिन्याला तीन हजारांच्या खाली. एका बैठकीत एका काकांनी विचारले होते, "पण आमचा दिवा शेजारच्यालाही मिळणार, त्याचे काय?" मी म्हटले, त्याचा तुम्हाला मिळेल. ते काही पटलेल्या चेहऱ्याने बसले नाहीत, पण दिवा लावला.

उजेड पुरेसा आहे का, यासाठी उजेड मोजायचा लक्समीटर नसला तरी चालतो. समोरून येणारा माणूस पंधरा पावलांवर असताना त्याचा चेहरा ओळखता आला पाहिजे, तो हसतोय की रोखून बघतोय ते कळले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजेड सलग हवा. मध्येच लख्ख आणि मध्येच काळे असे ठिपके असले की डोळा प्रत्येक वेळी आंधळा होतो. रस्त्यावरच्या दिव्यांचे भारतीय मानक आयएस १९४४ हेही सरासरी उजेडाबरोबर सर्वांत कमी उजेड आणि सरासरी यांचे प्रमाण बघते, ते याचसाठी.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी चूक केली. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मार्केटच्या मागच्या बोळात मी सहा फ्लडलाइट लावायला सांगितले. चार मीटरवर, तोंड आडवे, रस्त्याच्या लांबीला. पहिल्या रात्री सगळे खूश, फोटो काढले, पेढेसुद्धा वाटले. महिनाभराने तिथल्याच एका सेल्सवुमनने मला थांबवून सांगितले, "मॅडम, आता मी सगळ्यांना दिसते. मला कोणीच दिसत नाही." मी तिच्या जागी उभी राहून पाहिले. झोत डोळ्यांत येत होता, समोरून येणाऱ्याची नुसती काळी आकृती, आणि झोत संपतो तिथे बोळ आधीपेक्षा जास्त काळा. सहाच्या सहा काढले, भिंतीवर छोटे अठरा लावले. एकूण वॅट आधीच्या तुलनेत कमीच झाले.

नीट लावलेल्या उजेडाने फरक पडतो का, तर पडतो. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी गृहसंकुलांमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही संकुले निवडून तिथे दिव्यांचे तात्पुरते मनोरे उभे केले होते. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे तिथे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. ते शहर वेगळे, तिथले गुन्हे वेगळे, तो आकडा आपल्या पेठेला जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र तीच.

उजेडाला लागूनच शटर. सलग पत्र्याचे शटर पडले की दुकानाची भिंत होते, आणि चाळीस शटर म्हणजे दोन्ही बाजूंना चाळीस आंधळ्या भिंती. पुढच्या वेळी शटर बदलायचे असेल तर जाळीचे किंवा भोकांचे घ्या आणि आत शोकेसमधला एक दिवा चालू ठेवा. उजेड बाहेर झिरपतो आणि रस्ता बंद पडल्यासारखा वाटत नाही. सराफांना हे सांगायला मी जात नाही, त्यांचे पत्र्याचेच बरे. पण साडी, चप्पल, पुस्तके, स्टेशनरी यांना काय हरकत आहे? चोराच्या दृष्टीनेही आत उजेड असलेले दुकान गैरसोयीचे. ओट्यावरचे स्टँड, पुतळे, रिकामे खोके रात्री आत घ्या, ते आडोसे होतात. आणि फ्लेक्स! दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिव्याच्या बरोबर समोर का लागतात, याचे उत्तर सोपे आहे: तिथे उजेड असतो. संघटनेने एकदा एकत्र जाऊन दादांना सांगितले तर दादा ऐकतात. एकटा दुकानदार बोलू शकत नाही.

आता वेळ. दिवा कितीही चांगला असला तरी रिकाम्या रस्त्यावर तो रिकामा रस्ताच उजळतो. चाळीस दुकाने साडेनऊला एकदम बंद होतात, पावणेदहापर्यंत मालक स्कूटरवर बसून निघालेले असतात, आणि झाडलोट करून, हिशेब लावून, कपडे घड्या घालून सर्वांत शेवटी निघते ती कामगार मुलगी. म्हणजे रस्ता ज्या क्षणी मरतो, नेमक्या त्या क्षणी तुम्ही तिला बाहेर काढता. तुमच्याकडची घटना पर्सचोरांच्या नशिबाने घडलेली नाही. पाहणी न करताही मी पैज लावते की ती पावणेदहा ते सव्वादहामध्ये घडली असेल.

उपाय असा की बंद होण्याच्या वेळा पसरवायच्या. सगळ्यांनी उशिरापर्यंत बसायची गरज नाही. रस्त्याच्या दोन टोकांना आणि मध्ये अशी तीन-चार दुकाने अकरा-साडेअकरापर्यंत उघडी राहिली तरी चित्र पालटते. तीही कोणती ते निवडा. मेडिकल, दूध-आइस्क्रीम, किराणा, खानावळ, झेरॉक्स. इथे बायका, पोरे, म्हातारी माणसे येतात. त्यांना उशिरा बसून धंदा होत नसेल तर संघटनेने त्या तीन-चार दुकानांचे दिव्याचे बिल उचलावे, म्हणजे कुरकुर होत नाही. वेळेबद्दल कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने साधी दुकाने चोवीस तास आणि वर्षाचे सगळे दिवस उघडी ठेवायची मुभा दिली, अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुटी मिळाली पाहिजे. तरीही काही ठिकाणी "दहाला बंद करा" असे तोंडी सांगितले जायचे, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने निर्णय काढून हे पुन्हा स्पष्ट केले. दारू विकणारी ठिकाणे त्यात येत नाहीत. त्या निर्णयाची प्रत दुकानात ठेवा, वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे.

साप्ताहिक सुटीचा दिवस लोक विसरतात. पेठेत सगळे एकाच वारी बंद ठेवतात आणि त्या दिवशी संध्याकाळी सातलाच रात्र होते. सुटी वाटून घ्या, किंवा निदान त्या दिवशी बाहेरचे दिवे लागतील हे बघा. सेन्सर नसलेले दिवे त्याच दिवशी हमखास बंद असतात, कारण लावायला कोणी येतच नाही.

पुढचे बोलणे तुमच्या संघटनेला आवडणार नाही. रस्त्यावरच्या हातगाड्या हटवण्यासाठी तुम्ही अर्ज दिला असेल. बहुतेक संघटनांनी दिलेला असतो. दिवसा जागेवरून, पार्किंगवरून तुमची तक्रार असेल, ती मी समजू शकते. पण रात्री दहानंतर त्या रस्त्यावर जागा असलेला माणूस म्हणजे भुर्जीवाला, गजरेवाल्या मावशी, कोपऱ्यावरचा चहावाला. कोण रोजचे, कोण नवखे, कोणती मोटारसायकल तीन फेऱ्या मारून गेली, हे तुमच्या कॅमेऱ्याआधी त्याला कळते, कारण त्याचे पोट त्या कोपऱ्यावर आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरात पथविक्रेता समिती असते, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेतेच असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. त्या समितीत भांडायला जाण्याऐवजी एकदा विचारायला जा: रात्री कोणत्या दोन कोपऱ्यांवर गाडी लागली तर रस्त्याला उपयोग होईल, आणि दिवसा तिचा त्रास होणार नाही? डीपीच्या पेटीची जी गोष्ट सांगितली, तिथे शेवटी असेच झाले. पेटीसमोर दाबेलीची गाडी आली, शेजारच्या दुकानाने तिला दिव्यासाठी वायर दिली. ताई आता रस्ता ओलांडत नाहीत.

हल्ली रात्रीची आणखी एक वस्ती आहे, डिलिव्हरीची मुले. मागच्या गल्लीत कुठलेतरी किचन रात्री दोनपर्यंत चालते आणि पंधरा-वीस गाड्या त्याच्या दारात उभ्या. ही मुले म्हणजे शहराचे रात्रीचे डोळे आहेत, मात्र घोळक्याने फुटपाथ अडवून बसली तर बायका तो रस्ता टाळतात. दोष त्यांचा नाही, त्यांना बसायला जागाच कोणी दिलेली नसते. हॉटेलवाल्याने दिव्याखाली, फुटपाथ सोडून एक बाक ठेवला, पाण्याचा पिंप ठेवला, संडास वापरू दिला, की घोळका तिथे सरकतो आणि चाल मोकळी होते. संडासाचे नुसत्या या मुलांसाठी म्हणत नाही. रात्री नऊनंतर बाईला शहरात स्वच्छतागृह शोधावे लागणे ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे, कारण शोधत शोधत ती आडवाटेला जाते. दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने २०१७ मध्ये हॉटेलांची स्वच्छतागृहे पाच रुपयांपर्यंत आकारून लोकांना खुली करायला लावली होती. आपल्याकडे हुकमाची वाट कशाला बघायची, दारावर एक पाटी लावली की झाले.

तुमच्या स्वतःच्या कामगारांबद्दल. खरे तर उत्तर इथूनच सुरू करायला हवे होते, पण उजेडाचे बोलल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. घटना घडल्यावर मालक काय करतात, तर मुलींना सहा वाजता सोडतात. हेतू चांगला असतो. परिणाम असा की रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या बायका आणखी कमी होतात, उरलेल्यांना जास्त भीती वाटते, आणि त्या मुलीचा ओव्हरटाइम बुडतो. तिला रात्रीच्या कामातून काढू नका, तिच्या घरी पोचण्याची सोय करा. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते आणि दारापासून घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. चार माणसांच्या दुकानाला हे कलम लागू नसेल, पण चाळीस दुकाने एकत्र आली तर हे जमण्यासारखे आहे. सगळ्यांच्या कामगारांची यादी करा, कोण कुठल्या दिशेला राहते ते लिहा. हडपसरकडे सहा जणी निघतील, कात्रजकडे नऊ. त्यांची सुटण्याची वेळ एक करा, दोन शेअर रिक्षा ठरवा, ठरलेले चालक, ठरलेला नंबर. बसने जाणाऱ्यांना शेवटच्या बसच्या निदान वीस मिनिटे आधी सोडा आणि स्टॉपपर्यंत गटाने जाऊ द्या. झाडलोट सकाळी होऊ शकते. शटर कधीही एकट्या मुलीने ओढू नये आणि गल्ला तिच्या पर्समधून घरी जाऊ नये. दुसरी गोष्ट तुमच्याकडे होत नसेल, पण होते, म्हणून लिहिले.

वाहन ठरवले म्हणजे काम संपले असेही नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा कंपनीने ठेवलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदाराबरोबर खून केला. त्यानंतर आयटी कंपन्यांनी नियम कडक केले: पहिली चढणारी किंवा शेवटची उतरणारी बाई एकटी असेल तर गाडीत गार्ड, चालकाची पोलीस पडताळणी, पोचल्याचा फोन. तुमच्या दोन रिक्षांना गार्ड शक्य नाही, पण शेवटी दोघी मिळून उतरतील असा क्रम लावता येतो आणि पोचल्याचा मेसेज घेता येतो. मेसेज आला नाही तर फोन कोण करणार, ते नाव आधी ठरवा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाने पुरवलेले वाहनही कामाच्या ठिकाणात धरले आहे. त्यामुळे रिक्षात काही घडले तर "ते दुकानाबाहेर झाले" असे म्हणता येणार नाही.

कोणी मागे लागले तर शिरता येईल असे दुकान हवे. जपानमध्ये १९९० च्या दशकापासून दुकानांवर आणि घरांवर मुलांसाठी असे स्टिकर असतात, ११० हा तिथल्या पोलिसांचा नंबर, तोच त्यावर. इंग्लंडात २०१६ साली लिंकनशरमध्ये बारमध्ये एक युक्ती निघाली: अडचणीतल्या बाईने काउंटरवर "अँजेला आहे का?" असे विचारायचे आणि नोकराने समजून घ्यायचे. युक्ती चांगली, पण नोकराला ठाऊक नसेल तर तो "अँजेला कोण?" असे मोठ्याने विचारतो आणि सगळे मुसळ केरात. म्हणून आधी शिकवण, मग स्टिकर. उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या तुमच्या चार दुकानांतल्या माणसांना एवढे शिकवा: आलेल्या बाईला आत, काउंटरच्या मागच्या बाजूला बसवा, पाणी द्या, "एवढ्या रात्री कुठे निघालीस" हे वाक्य गिळून टाका. बाहेर उभ्या असलेल्याच्या अंगावर धावून जाऊ नका. गाडीचा नंबर लिहा. तिला विचारून ११२ लावा, आणि तिला घ्यायला कोणी येईपर्यंत दुकान बंद करू नका. मेडिकलवाल्याकडून हे सर्वांत चांगले होते, त्याला रडणारी माणसे बघायची सवय असते.

अपघाताचेही सांगून ठेवा, कारण रात्रीच्या रस्त्यावर चोरांइतकीच भरधाव गाडीची भीती असते. जखमीला उचलले तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही धास्ती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगणेसुद्धा त्याच्या मर्जीवर. तुमच्या रस्त्यावर बार असेल तर त्याच्या मालकाला संघटनेत घ्या, वेगळा पाडू नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर वय तपासण्याबद्दल कोणाला वेगळे सांगायला नको. त्याला एवढेच सांगा की गिऱ्हाइकांच्या कॅब आणि रिक्षा दाराच्या बरोबर समोर नकोत, पन्नास पावलांवर दिव्याखाली उभ्या राहू द्या, आणि बंद होताना त्याचा एक माणूस बाहेर उभा असू दे.

वॉचमन. तुमच्या रस्त्यावर मोजा, बँक, एटीएम, सोसायटी, गोडाऊन मिळून सात-आठ तरी निघतील. ते एकमेकांना ओळखत नाहीत आणि सगळे फाटकाच्या आत, भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत बसलेले असतात, कारण बारा तासांची ड्युटी असते आणि माणूस काय करणार. खुर्ची फाटकाबाहेर आणा. एकमेकांचे नंबर द्या. बारा तासांचे आठ करायला एजन्सी जास्त पैसे मागेल, ते द्या, झोपलेल्या दोघांपेक्षा जागा एक बरा. गस्तीचा गुरखा अजून येत असेल तर त्याचा महिना वाढवा, शिट्टी आणि काठीचा आवाज ही जुनी गोष्ट असली तरी घरातल्यांना रस्ता जागा आहे हे त्यानेच कळते. वॉचमनला मारझोड करायचा अधिकार नाही हेही त्याला आणि तुमच्या तरुण मंडळींना सांगा. "बाहेरची पोरे" हाकलायला काठ्या घेऊन निघालेली पथके मी पाहिली आहेत. आठ दिवसांत त्यांनी पहिला मार दिला तो शेजारच्या हॉटेलात रात्रपाळी संपवून निघालेल्या वेटरला.

आता कॅमेरे. सोळा नकोत, सहा पुरतील. रस्त्याच्या दोन टोकांना नंबरप्लेट टिपणारे, आणि फुल्या जास्त पडल्या तिथे चेहऱ्याच्या उंचीकडे झुकलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यातून फक्त टकले आणि हेल्मेटे दिसतात. रेकॉर्डिंग तीस दिवसांचे ठेवा आणि डीव्हीआरचे, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचे, घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा, घड्याळ वीस मिनिटे मागे असल्यामुळे अडलेले तपास आहेत. फुटेज कोण बघणार ती दोन नावे लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर ते फिरता कामा नये. त्या मुलीचा पडतानाचा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आलाय का, ते मला आत्ता विचारायचे नाही, पण आला असेल तर काढून टाका.

कॅमेरे कमी झाले की वर्गणीतून चाळीस दिवे, वायरिंग आणि रिक्षांचे पहिले सहा महिने निघतात. पालिकेकडे जाताना "रस्त्यावर अंधार आहे" असा अर्ज देऊ नका, त्याला "पाहणी करू" असे उत्तर येते. खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा: अमुक खांब बंद, अमुक खांब पानांत, अमुक ठिकाणी फुटपाथची फरशी गायब. पोलीस चौकीत जाताना खडूच्या फुल्यांचा नकाशा न्या आणि बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसांची, फेरी पावणेदहा ते सव्वादहाच्या दरम्यान मागा. दिवसभर गस्त मागितली की एकही मिळत नाही, अर्धा तास मागितला की बऱ्याचदा मिळतो. रस्त्यावर एखाद्या मोठ्या कंपनीचे शोरूम असेल तर तिचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा, निधी विचारा, पण तो येईपर्यंत थांबू नका.

महिन्याने पुन्हा तसाच एक मंगळवार घ्या, त्याच तीन जणी, तोच खडू. दहा मिनिटांत किती बायका गेल्या ते पुन्हा मोजा आणि पहिल्या रेघांशी ताडून बघा. ज्या मुलीच्या हाताला प्लास्टर आहे ती तोवर कामावर आली असेल, तर चौथी तिला विचारा. नाही म्हणाली तर आग्रह करू नका. आली तर फुल्या तिलाच मारू द्या, आणि तुम्ही दहा पावले मागे राहा.